वाचताना आपण पुढे का धावतो?

सुरुवातीलाच एक अर्धवट वाक्य देतो. 'रात्री साडेअकराला जिन्यात रेक्टर सरांच्या चपलांचा आवाज आला आणि खोलीतल्या पोरांनी हातातले पत्ते...' पुढे मी काहीच लिहिलेलं नाही. तरी पत्ते गादीखाली गेलेले तुमच्यापैकी बहुतेकांना दिसलेसुद्धा असतील. उदाहरण काल्पनिक आहे, सरांनी खोली नंबर विचारू नये.

जे लिहिलेलंच नाही ते वाचणाऱ्याला कसं दिसतं, एवढाच या लेखाचा विषय. मानसशास्त्रात याला 'प्रेडिक्टिव्ह इन्फरन्स' म्हणतात. मी त्याला साधं 'पुढचा अंदाज' म्हणणार आहे, कारण 'भाकीतात्मक अनुमान' असं लिहिलं तर लेखाची पुढची ओळ कोणी वाचणार नाही (हाही एक पुढचा अंदाजच!). विषय आपल्या सिलॅबसमध्ये नाही. पण पुस्तक वाचताना, बोर्डावरची नोटीस वाचताना तो रोज वाट्याला येतो, आणि सगळ्यात महागात पडतो तो परीक्षेचा पेपर वाचताना.

मी इकडे वळलो ते इन्फर्मेशन थिअरीमुळे. क्लॉड शॅनन हे नाव ई अँड टीसीवाल्यांना नवीन नाही. त्याच्या १९४८ च्या पेपरवर आपला अख्खा विषय उभा आहे. पण १९५१ साली त्याने बेल सिस्टिमच्या टेक्निकल जर्नलमध्ये छापील इंग्रजीवर आणखी एक पेपर लिहिला, तो फारसं कोणी उघडून बघत नाही. त्यातला प्रयोग अगदी मेसच्या टेबलावर करण्यासारखा आहे. एखाद्याने न वाचलेला मजकूर झाकून ठेवायचा आणि पहिलं अक्षर कोणतं ते त्याला ओळखायला सांगायचं. बरोबर आलं तर पुढचं अक्षर, चुकलं तर खरं अक्षर सांगून मग पुढचं. शॅननने दिलेल्या नमुन्यात मधल्या मोकळ्या जागा धरून १२९ अक्षरं होती. त्यातली ८९ त्या माणसाने पहिल्याच फटक्यात ओळखली. म्हणजे ६९ टक्के! आपल्याकडे डिस्टिंक्शन ६६ ला मिळतं.

आता थोडा हिशोब. इंग्रजीची २६ अक्षरं आणि एक मोकळी जागा, अशी २७ चिन्हं समान शक्यतेने आली असती तर प्रत्येक चिन्हामागे सुमारे ४.७५ बिट माहिती लागली असती. मागची शंभरेक अक्षरं माहीत असतील तर हा आकडा ०.६ ते १.३ बिटांच्या दरम्यान येतो, असं शॅननने काढलं. म्हणजे पानावर जे छापलंय त्यातलं बरंचसं वाचकाच्या डोक्यात आधीपासूनच आहे. आणि चुका कुठे झाल्या? मुख्यतः शब्दाच्या आणि शब्दावयवाच्या सुरुवातीला, जिथे विचाराला फाटे फुटू शकतात तिथे. शब्दाची पहिली दोन अक्षरं मिळाली की उरलेला शब्द घसरगुंडीवरून आल्यासारखा येतो. फोनचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो तो हाच खेळ, आणि चॅटबॉटच्या पोटातली लँग्वेज मॉडेल्सदेखील मुळात पुढचा तुकडा ओळखण्याचा सराव करूनच तयार झालेली आहेत.

पण इथे एक गोम आहे. शॅननच्या माणसाला 'ओळख' असं सांगितलं होतं. आपण गादीवर लोळत कादंबरी वाचतो तेव्हा आपल्याला कोणी काही ओळखायला सांगत नाही. मग न सांगता आपण पुढचं ओळखतो का? शिवाय पुढचं अक्षर ओळखणं वेगळं आणि पुढे काय घडेल ते ओळखणं वेगळं.

यावर मानसशास्त्रज्ञांची चांगलीच जुंपलेली आहे. वादाच्या आधी एक गोष्ट मात्र सगळ्यांना मान्य आहे. आपण मागचं जोडून घेतो. हॅव्हिलंड आणि क्लार्क यांनी १९७४ साली वाक्यांच्या जोड्या देऊन वाचायला लागणारा वेळ मोजला. मी आपल्या भाषेत सांगतो. 'आम्ही डिकीतून सरबताच्या बाटल्या काढल्या. सरबत गरम झालं होतं.' हे पटकन वाचून होतं. आता हे बघा: 'आम्ही ट्रिपचं सामान तपासलं. सरबत गरम झालं होतं.' दुसरं वाक्य तेच, पण समजायला वेळ जास्त लागतो. कारण सामानात सरबत होतं हा पूल वाचकाला स्वतः बांधावा लागतो. तो बांधल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. (मूळ प्रयोगात सरबत नव्हतं, बियर होती. मासिक घरी जातं म्हणून बदल केला.)

पुढचा अंदाज तसा नाही. तो केला नाही तरी वाचन अडत नाही. म्हणूनच प्रश्न येतो की मेंदू ही फुकटची मेहनत घेतो का? मकून आणि रॅटक्लिफ या जोडीने १९८६ साली वाचकांना अशा छोट्या गोष्टी दिल्या, ज्यांचा पुढचा परिणाम उघड आहे. त्यातली एक अशी: शूटिंगची तयारी झालेली असताना अभिनेत्री अचानक चौदाव्या मजल्यावरून खाली पडते. बस, पुढे काही नाही. मग वाचकासमोर 'मृत' अशा अर्थाचा शब्द ठेवायचा आणि विचारायचं, हा शब्द मजकुरात होता का? उत्तर अर्थातच 'नाही'. पण वाचकाने मनात तिला आधीच मारून टाकलं असेल, तर 'नाही' म्हणताना तो अडखळेल किंवा चुकेल. निकाल मोठा मजेशीर लागला. वाचक अडखळले, पण मजकुरातल्या योग्य शब्दाने आठवण चाळवली तरच. त्यावरून दोघांनी असं मांडलं की अंदाज होतो, पण पुसट. 'ती मेली' इतकं स्पष्ट आपण मनात लिहीत नाही, 'काहीतरी भयंकर झालं' एवढीच पेन्सिलची खूण करून पुढे जातो.

१९९२ साली या दोघांनी आणखी ठाम भूमिका घेतली. वाचक आपणहून कमीत कमी अनुमानं काढतो, लागतील तेवढीच. दोनच वर्षांनी ग्रेसर, सिंगर आणि ट्रॅबॅसो यांनी उलट बाजू मांडली. वाचक हा मुळात 'का?' विचारणारा प्राणी आहे. पात्राचा हेतू काय, घटनेचं कारण काय, हे तो शोधतच असतो. पण गंमत बघा, पुढे काय काय घडेल याची चित्रं वाचक सरसकट रंगवतो असं या दुसऱ्या गटानेही म्हटलं नाही. कॅल्व्हो आणि कास्टिलो यांनी १९९६ साली दाखवलं की अंदाज बांधला गेला तरी तो लगेच दिसत नाही. अर्ध्या सेकंदाला त्याचा मागमूस नसतो, साधारण एका सेकंदाला तो दिसू लागतो. सराईत वाचकाची नजर एका शब्दावर सरासरी पाव सेकंद थांबते. म्हणजे अंदाज पुरता शिजेपर्यंत वाचक तीनचार शब्द पुढे गेलेला असतो.

मला स्वतःला ग्रेसरचा गट जास्त पटतो, पण प्रयोगांचं वजन मकूनच्या बाजूला बरंच आहे हे कबूल करायला हवं.

मेंदूच्या लहरी मोजणाऱ्यांनीही यात उडी घेतली आहे. कुटास आणि हिलयार्ड यांचा १९८० चा प्रयोग प्रसिद्ध आहे. गरम पावाला मोजे लावले, अशा थाटाचं वाक्य वाचलं की त्या विचित्र शब्दानंतर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ऋण लहर उठते. शब्द जितका अनपेक्षित तितकी ती मोठी. पण ही लहर आधीच्या अंदाजामुळे उठली, की शब्द आल्यावर तो बसवताना त्रास झाला म्हणून? हे सोडवायला डेलाँग, अर्बाख आणि कुटास यांनी २००५ साली एक युक्ती केली. इंग्रजीत नामाआधी 'अ' लागतो की 'ॲन' हे नामाच्या पहिल्या उच्चारावर ठरतं. वारा सुटलाय, मुलगा मैदानावर उडवायला गेला, इथे वाचक 'काइट'ची वाट पाहत असेल तर 'ॲन' दिसताच त्याला खटकायला पाहिजे, कारण 'ॲन काइट' होत नाही. खटकतं, असं त्यांनी जाहीर केलं आणि पुढे कित्येक वर्षं हा पुरावा शिकवला गेला. २०१८ मध्ये नऊ प्रयोगशाळांनी मिळून ३३४ जणांवर तोच प्रयोग पुन्हा केला. नामावरची लहर आली. 'अ' आणि 'ॲन'वरचा परिणाम मात्र मिळाला नाही! आपण लॅबमध्ये शेजारच्याच्या जर्नलवरून रीडिंग उतरवतो, तिथे नऊ लॅबनी पुन्हा मोजायचे कष्ट घेतले हे मला फार आवडलं.

आता हे सगळं हॉस्टेलवर कसं आलं ते सांगतो.

माझ्या खोलीत फर्स्ट इयरचा एक मुलगा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला गणितात उत्तम मार्क. ऑक्टोबरमध्ये एका रात्री म्हणाला, "दादा, मी घरी जातो. मला इंग्रजी पुस्तक वाचायलाच येत नाही." बॅग खरोखर भरलेली होती. त्याचं पुस्तक बघितलं तर प्रत्येक ओळीवर पेन्सिलने मराठी अर्थ लिहिलेले. एकेक शब्द विचारला, सगळे येत होते. वाक्याचा अर्थ विचारला की गप्प. घरच्यांचं आणि वर्गातल्यांचंही निदान एकच, 'इंग्रजी कच्चं आहे'. मला वाटलं की शब्द कच्चे नाहीत, पुढचा अंदाज बंद पडलाय.

का बंद पडावा? आपल्या भाषेची ठेवण बघा. 'प्रसरणाच्या वेळी वायूने दट्ट्यावर केलेलं कार्य.' यात 'वायूने' म्हटलं की करणारा कोण ते कळलं. 'दट्ट्यावर' म्हटलं की कशावर ते कळलं. 'केलेलं' म्हटलं की पुढे नपुंसकलिंगी एकवचनी नाम येणार हे नक्की झालं. 'कार्य' हा शब्द यायच्या आधीच त्याच्यासाठी पाट मांडून झालेला असतो. इंग्रजीत तेच 'द वर्क डन बाय द गॅस ऑन द पिस्टन ड्युरिंग द एक्स्पान्शन'. पाहुणा पहिल्यालाच येऊन बसला आणि मागून एकेक नातेवाईक येतायत, किती येणार ते माहीत नाही. आपला मुलगा विभक्तीची वाट पाहतोय, विभक्ती येतच नाही. तो शेवटच्या शब्दापर्यंत जाऊन मग अर्थ लावायला बसतो, तोवर पहिला शब्द विसरलेला असतो.

विभक्तीवरून पुढचं ओळखता येतं ही नुसती माझी कल्पना नाही. जपानी भाषेतही आपल्यासारखं क्रियापद शेवटी येतं. कामिडे, आल्टमन आणि हेवूड यांच्या २००३ च्या प्रयोगात जपानी लोकांना एक चित्र दाखवून वाक्य ऐकवलं. वेट्रेस, गिऱ्हाईक आणि खायचा पदार्थ चित्रात आहेत. 'वेट्रेसने गिऱ्हाइकाला' अशा अर्थाचं ऐकू येताच, क्रियापद अजून दूर असतानाच, लोकांची नजर पदार्थाकडे वळू लागली. 'ला' या अर्थाच्या प्रत्ययावरूनच काहीतरी दिलं जाणार हे त्यांनी ताडलं.

माझं म्हणणं तपासायला मी त्या मुलाला इंग्रजी पेपरातली क्रिकेटची बातमी वाचायला दिली. वाक्यं लांबलचक होती, दोनचार शब्द त्याने कधी ऐकलेलेही नव्हते. तरी गडी धडाधड वाचत गेला. मी मध्येच कागद ठेवून झाकलं की पुढे काय असेल ते मराठीत सांगायचा, आणि बहुधा बरोबर. 'शेवटच्या ओव्हरला बारा पाहिजेत' हे वाचल्यावर पुढे काय काय होऊ शकतं हे त्याला ठाऊक होतं. थर्मोडायनॅमिक्समध्ये पिस्टन हलल्यावर पुढे काय होऊ शकतं हे ठाऊक नव्हतं.

रेक्ट आणि लेस्ली यांचा १९८८ चा अभ्यास नेमका यावरच आहे. अमेरिकेतल्या ६४ शाळकरी मुलांना त्यांनी बेसबॉलच्या एका सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही वाचनात हुशार, काही कच्ची. काहींना बेसबॉल कळतं, काहींना नाही. बेसबॉल कळणाऱ्या कच्च्या वाचकांना ते वर्णन बेसबॉल न कळणाऱ्या हुशार वाचकांपेक्षा जास्त चांगलं समजलं. वाचनकौशल्य म्हणून आपण ज्याला मार्क देतो त्यात विषयाची माहिती किती मिसळलेली असते बघा.

त्याहून जुना, १९७२ चा प्रयोग ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांचा. परिच्छेद कपडे धुण्याबद्दल, पण 'कपडे' हा शब्दच नाही. गोष्टी गटांत विभागा, एका वेळी फार घेऊ नका, असं सगळं मोघम. शीर्षक आधी सांगितलेल्यांना १८ पैकी सरासरी सहाच्या आसपास मुद्दे आठवले. शीर्षक न मिळालेल्यांना तीनही धड नाहीत. आणि वाचून झाल्यावर शीर्षक सांगितलेल्यांनाही तीनच्या आतच! मला यातला हा तिसरा गट महत्त्वाचा वाटतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जो पुस्तक आधी वाचतो आणि मग मित्राला 'पण हे आहे कशाबद्दल?' विचारतो, तो याच गटातला.

मग आम्ही दोघांनी क्रम उलटा केला. आधी धड्यातली फक्त आकृती बघायची. मग शाळेच्या मराठी पुस्तकात त्यातलं जे काही होतं ते आठवून त्याने मला मराठीत सांगायचं. दट्ट्या, दाब, आकारमान, सगळं त्याला येत होतं, फक्त दुसऱ्या कप्प्यात बंद होतं. त्यानंतर पुस्तक. एक परिच्छेद झाला की पुढची ओळ जर्नलच्या पानाने झाकायची आणि तो सांगणार, आता लेखक काय म्हणेल. चूक आलं तरी चालेल, पण सांगायचंच. पुस्तकातले शब्दार्थ लिहिणं बंद केलं. त्याऐवजी फक्त वळणाचे शब्द अधोरेखित करायचे: 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'अनलेस', 'एक्सेप्ट'. इंग्रजी वाचकाला विभक्तीच्या जागी जे काही थोडे दिशादर्शक मिळतात ते हेच.

ही युक्ती माझी नाही. पॅलिंक्सार आणि ब्राउन यांनी १९८४ साली वाचनात मागे पडलेल्या सातवीच्या मुलांना चार गोष्टी आळीपाळीने करायला शिकवल्या: सारांश सांगणं, प्रश्न विचारणं, अडलेलं सोडवणं आणि पुढचं ओळखणं. मुलांची समज चांगलीच वाढली. आणि ऑलब्रिटनच्या २००४ च्या अभ्यासातून दिसतं की वाचकाने ठरवून पुढचं ओळखायचं म्हटलं तर पुसट राहणारा अंदाज स्पष्ट होतो. तो आपोआप येत नसेल, पण बोलावला तर येतो.

त्याची बॅग रिकामी झाली. एम-वन अजून राहिलंय, पण ते इंग्रजीमुळे नाही, इंटिग्रेशनमुळे. ते सगळ्यांचंच राहतं.

आता दुसरी बाजू. जो चांगला वाचतो तो पुढे धावतो, आणि धावणारा अधूनमधून चुकीच्या दारात शिरतो. दिवाळीआधी आमच्या बोर्डावर नोटीस लागली: 'सुट्टीत हॉस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांची मेस बंद ठेवण्यात येणार नाही.' घोळक्यातले निम्मे 'बंद ठेवण्यात येणार' इथपर्यंत वाचून वळले. तासाभरात तिन्ही मजल्यांवर बोंब, दोघांनी तर एसटीचं रिझर्व्हेशनही करून टाकलं. मराठीत नकार शेवटी येतो हे विसरून चालत नाही. शॅननच्या भाषेत बोलायचं तर त्या वाक्यातली जवळजवळ सगळी माहिती शेवटच्या दोन अक्षरांत होती आणि ती अक्षरं कोणी वाचलीच नाहीत.

पेपरात असंच होतं. 'ब्लॉक' आणि 'इन्क्लाइन्ड प्लेन' दिसलं की पेन आपोआप घर्षणाचा 'म्यू' लिहू लागतं, आणि मधला 'स्मूथ' हा शब्द तसाच राहतो. स्मूथ म्हणजे घर्षण नाही, हे व्हायवात विचारलं तर झोपेतही सांगतील. 'पुढीलपैकी कोणतं विधान बरोबर नाही' यातला 'नाही'ही असाच जातो, कारण आधीचे दहा प्रश्न 'कोणतं बरोबर' असे आलेले असतात. मुलगा निष्काळजी नसतो. सरावाने त्याचा अंदाज इतका पक्का झालेला असतो की डोळ्यांना काम उरत नाही. प्रश्न ओळखीचा वाटला की तिथेच बोट ठेवून एकेक शब्द वाचायचा, अनोळखी प्रश्नाला एवढी भीती नाही. अनोळखी प्रश्न आपण तसाही सावकाशच वाचतो.

आणि आमच्या स्टाफला, विशेषतः पेपर सेट करणाऱ्या सर-मॅडमना एक विनंती आहे. प्रश्नात 'नॉट' किंवा 'एक्सेप्ट' असेल तर तो शब्द जाड ठशात छापावा. 'स्मूथ' नाही छापला जाड तरी चालेल, तेवढं आम्ही बघून घेऊ.